अडीच वर्षांची शिदोरी

पत्रिकेतला मंगळ लग्नाला आडवा येतो की नाही याबद्दल मतभेद असतील. आकाशातला मंगळ मात्र आपला मुहूर्त स्वतःच ठरवतो आणि त्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही. सूर्याभोवती एक फेरी मारायला पृथ्वीला ३६५ दिवस लागतात, मंगळाला ६८७, आणि या दोन गतींतल्या तफावतीमुळे प्रवासाला सोयीची मांडणी साधारण २६ महिन्यांनी एकदाच जुळून येते. यान मंगळावर नेम धरून सोडले जाते अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात ते सूर्याभोवतीच्या एका लांबट कक्षेत ढकलले जाते, त्या कक्षेचे एक टोक पृथ्वीच्या कक्षेला आणि दुसरे मंगळाच्या कक्षेला टेकलेले असते, आणि यान दुसऱ्या टोकाला पोचेल नेमक्या त्याच वेळी मंगळही तिथे येऊन ठेपेल असा हिशेब करूनच निघण्याचा दिवस ठरतो. एसेन या जर्मन शहरात अभियंता म्हणून नोकरी करणाऱ्या वाल्टर होहमान यांनी १९२५ साली हा कमीत कमी इंधनाचा मार्ग ग्रंथरूपाने मांडला, आणि ग्रहांकडे जाणाऱ्या यानांचे गणित आजही तिथूनच सुरू होते.

मध्येच माघारी वळता येणार नाही ही अट इतर कोणत्याही वाटेवर इतकी कठोर नाही. सहा-सात महिन्यांनी मंगळावर पोचलेल्या माणसांना लगेच परतता येत नाही. तोवर पृथ्वी बरीच पुढे निघून गेलेली असते आणि परतीची मांडणी जुळेपर्यंत पंधरा-सोळा महिने तिथेच काढावे लागतात. मुक्काम महिनाभराचा ठेवणाऱ्या योजनाही कागदावर आहेत, पण त्यांत इंधनाची गरज इतकी वाढते की वाचवलेल्या वेळाची किंमत परवडत नाही. जाणे, राहणे आणि येणे धरून सुमारे नऊशे दिवस होतात. या अडीच वर्षांत जे लागेल ते बरोबर न्यावे लागेल, आधी पाठवून ठेवावे लागेल किंवा तिथे तयार करावे लागेल. मोठ्या रॉकेटांची छायाचित्रे पाहून मंगळयात्रेचा प्रश्न रॉकेटाचा आहे असे वाटते, पण रॉकेटाचा वाटा पहिल्या काही मिनिटांचा असतो. उरलेला सगळा प्रश्न शिदोरीचा आणि दुरुस्तीचा आहे.

हाडातले कॅल्शियम आणि यंत्रातला गाळ

या शिदोरीचा अंदाज करायचा तर पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या न्हाणीघराकडे पाहावे लागते. चार माणसांना पिण्यासाठी आणि अन्न भिजवण्यासाठी माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरले, तरी नऊशे दिवसांचे जवळजवळ अकरा टन होते, आणि एवढे पाणी वाहून नेण्यापेक्षा तेच पुन्हा पुन्हा शुद्ध करून पिणे स्वस्त पडते. स्थानकात म्हणूनच मूत्र, घाम आणि श्वासातून हवेत गेलेली वाफ गोळा करून त्यांचे पिण्याचे पाणी केले जाते. हे काम पृथ्वीवर कोणत्याही प्रयोगशाळेत सोपे आहे. वजनरहित अवस्थेत मात्र द्रव खाली राहत नाही आणि वाफ वर जात नाही, त्यामुळे मूत्र एका फिरत्या पिंपात घालून गरगर फिरवावे लागते, म्हणजे द्रव पिंपाच्या भिंतीला चिकटून राहतो आणि निर्वात जागेत कमी तापमानावर त्याची वाफ वेगळी काढता येते.

हे यंत्र २००८ साली स्थानकावर गेले आणि दुसऱ्याच वर्षी तुंबले. पृथ्वीवरच्या चाचण्यांत ते व्यवस्थित चालले होते, पण त्या चाचण्यांत वापरलेले मूत्र जमिनीवर चालणाऱ्या माणसांचे होते. वजनरहित अवस्थेत हाडांवर भार पडत नाही, भार नसला की शरीर हाडे झिजू देते, मांडीच्या आणि कण्याच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यापर्यंत घटते, आणि सुटलेले कॅल्शियम मूत्रावाटे बाहेर पडते. मूत्र साठवताना ते नासू नये म्हणून त्यात सल्फ्युरिक आम्ल मिसळले जात होते. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आल्यावर जे व्हायचे तेच झाले: गणेशमूर्तींच्या वादातले प्लास्टर ऑफ पॅरिस ज्या जिप्समपासून बनते, त्याचाच गाळ यंत्रात बसू लागला. ८५ टक्के पाणी परत मिळावे अशी रचना असलेल्या यंत्राकडून पुढे कित्येक वर्षे सुमारे तीन चतुर्थांशच घेतले गेले. नंतर सल्फ्युरिक आम्लाच्या जागी फॉस्फोरिक आम्ल आले, उरलेल्या दाट क्षारपाण्यातूनही पाणी काढणारे उपकरण जोडले गेले, आणि २०२३ साली एकूण पाण्याचा परतावा ९८ टक्क्यांवर पोचला.

अवकाश अभियांत्रिकीची सारी जात या एका तुंबलेल्या पिंपात दिसते. हाडांचा विषय वैद्यकाचा, आम्लाचा रसायनाचा आणि पिंपाचा यंत्रशास्त्राचा, अशी वाटणी कागदावर करता येते, पण माणूस आत बसला की या तिन्ही गोष्टी एकाच नळीत येऊन मिळतात. हाडे झिजू नयेत म्हणून स्थानकावरची माणसे रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. त्या व्यायामाची यंत्रे जड असतात, व्यायामाने घाम येतो, घामाची वाफ पुन्हा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावरचा भार वाढवते. परतल्यावर या माणसांना यानातून उचलून बाहेर काढावे लागते. मंगळावर गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के असले तरी उचलायला तिथे कोणी नसेल.

श्वासाचा हिशेब

माणशी दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम या दराने चौघांना नऊशे दिवस तीन टनांच्या आसपास ऑक्सिजन लागेल. स्थानकावर तो पाण्यातून विजेच्या साहाय्याने वेगळा काढला जातो. उरलेला हायड्रोजन आणि माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड यांची उत्प्रेरकावर गाठ घालून पुन्हा थोडे पाणी मिळवता येते. पॉल साबातिए या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभिक्रियेत मिथेन वायूही तयार होतो, आणि स्थानकावर त्याचा उपयोग नसल्यामुळे तो बाहेर सोडून दिला जातो. मिथेनबरोबर हायड्रोजनही जातो, म्हणून श्वासातल्या ऑक्सिजनपैकी निम्म्याच्या आसपासच परत मिळतो. (हाच टाकाऊ मिथेन मंगळावर सोन्याच्या मोलाचा ठरतो, त्याचे कारण पुढे येईल.)

झाडे लावून हा प्रश्न सोडवता येईल असे वाटणाऱ्यांनी अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातली ‘बायोस्फियर २’ ही काचेची प्रचंड वास्तू आठवावी. सव्वा हेक्टर जागेत जंगल, शेत, तलाव आणि एक छोटा समुद्रही बंदिस्त करून १९९१ साली आठ माणसे दोन वर्षांसाठी आत गेली, आणि सोळा महिन्यांत हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांपर्यंत उतरला. शेतासाठी घातलेल्या सकस मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरत होते हे खरे, पण मग त्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड का वाढत नव्हता हे कोडे उलगडेना. उत्तर भिंतींत होते: वास्तूतले काँक्रीट तो वायू शोषून घेत होते आणि त्याबरोबर ऑक्सिजनही कायमचा अडकून पडत होता. १९९३च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. बाहेर ऑक्सिजनची टाकी आणणारे लोक होते, म्हणून तो प्रयोग एक बोधप्रद अडचण एवढ्यावरच राहिला.

अन्नाचे गणित सरळ आणि म्हणूनच अवघड आहे. वेष्टनासह माणशी दिवसाला १.८ किलो धरले तर साडेसहा टन होतात, आणि हे अन्न माणसांच्या आधी पाठवून ठेवायचे तर ते पाच वर्षे टिकायला हवे, जे आज होत नाही. चव टिकली तरी क आणि ब-१ ही जीवनसत्त्वे तोवर पुष्कळशी नाहीशी होतात.

शिदोरीची भिंत

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि वातावरण मागे पडले की विश्वकिरण, म्हणजे आकाशगंगेतून येणारे प्रचंड वेगाचे विद्युतभारित कण, अडवणारे कोणी उरत नाही. ‘क्युरिऑसिटी’ गाडीवरच्या उपकरणाने मंगळाच्या वाटेवर मोजलेली मात्रा दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट होती (मिलिसिव्हर्ट हे प्रारणाने शरीराला होणाऱ्या संभाव्य अपायाचे माप, आणि पृथ्वीवर निसर्गतः वर्षाकाठी सरासरी दोन-अडीच मिलिसिव्हर्ट वाट्याला येतात). मंगळाच्या पृष्ठभागावर ती ०.६५ च्या घरात होती. पूर्ण यात्रेची बेरीज हजार मिलिसिव्हर्टजवळ जाते, आणि ‘नासा’ने आपल्या अंतराळवीरासाठी ठरवलेली आयुष्यभराची मर्यादा ६०० आहे.

जाड धातूची भिंत हा यावरचा सुचणारा पहिला उपाय आणि बहुधा सर्वांत वाईट, कारण वेगवान कण अॅल्युमिनियमच्या अणूंवर आदळले की त्यांतून दुय्यम कणांचा नवा वर्षाव सुरू होतो. हायड्रोजन अधिक असलेले पदार्थ, म्हणजे पाणी, प्लास्टिक आणि अन्नसुद्धा, याबाबतीत सरस ठरतात. त्यामुळे झोपण्याच्या जागेभोवती पाण्याच्या पिशव्या आणि धान्याची कोठारे रचावीत असे आराखडे आहेत. जेवण होत जाईल तशी ही भिंत झिजत जाणार, तेव्हा कचरा दाबून-वितळवून त्याच्या लाद्या रिकाम्या जागी बसवाव्यात, हाही विचार गंभीरपणे झालेला आहे. सूर्यावरच्या वादळात काही तासांसाठी असा आडोसा पुरेल. १९७२च्या ऑगस्टमध्ये असे वादळ उठले ते ‘अपोलो १६’ परतल्यानंतर आणि ‘अपोलो १७’ निघण्यापूर्वी, आणि याला नशिबाखेरीज दुसरे नाव नाही. विश्वकिरणांचा संथ मारा मात्र आडोशाने फारसा कमी होत नाही. त्यावर प्रवासाचे दिवस घटवणे हाच खरा उपाय, आणि तो पुन्हा इंधनापाशी येऊन अडतो.

फसवी हवा

मंगळाची हवा उतरणाऱ्याला दोन्हीकडून नाडते. तिचा दाब पृथ्वीवरच्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, पण ताशी १९-२० हजार किलोमीटर वेगाने आत शिरणारे यान तापवून जाळायला तेवढी पुरते, आणि त्याच यानाला थांबवायला मात्र पुरत नाही. २०२१च्या फेब्रुवारीत उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीने बहुतेक वेग साडेचार मीटर रुंदीच्या उष्णतारोधक कवचाच्या साहाय्याने गमावला, उरलेल्यापैकी बराचसा साडेएकवीस मीटर व्यासाच्या पॅराशूटने, आणि शेवटी रॉकेटांवर तरंगणाऱ्या एका पाळण्याने तिला दोरांवरून खाली सोडले. आजवर मंगळावर उतरलेली ही सर्वांत जड गाडी, आणि तिचे वजन १,०२५ किलो.

माणसांना घेऊन उतरणारे यान वीस टनांच्या खाली येईल असे कोणताही आराखडा सांगत नाही, आणि इथे भूमिती आडवी येते. वस्तू दुप्पट मोठी केली की तिचा पृष्ठभाग चौपट होतो पण वजन आठपट; हवा पृष्ठभागावर रोध करते, थांबवायचे असते ते वजन, त्यामुळे मोठे यान त्याच हवेतून जणू दगडासारखे खाली जाते. कवच मोठे करावे तर ते रॉकेटाच्या टोपीत मावत नाही. पॅराशूट मोठे करण्याचे प्रयोग हवाईजवळच्या आकाशात २०१४ आणि २०१५ साली झाले; सुमारे तीस मीटरचे पॅराशूट ध्वनीहून अधिक वेगात उघडले आणि दोन्ही वेळा फाटले. फुगवून उघडणारे सहा मीटरचे कवच १० नोव्हेंबर २०२२ रोजी पृथ्वीच्या वातावरणात यशस्वी ठरले, आणि ही दिशा आशादायक आहे. सर्वांत उपयोगी माहिती मात्र मंगळासाठी न केलेल्या एका उद्योगातून आली: ‘फाल्कन ९’ रॉकेटाचा पहिला टप्पा परतताना ज्या उंचीवर इंजिने पुन्हा पेटवतो, तिथली विरळ हवा मंगळावरच्या हवेशी मिळतीजुळती असते, आणि समोरून येणाऱ्या ध्वनीहून वेगवान प्रवाहात इंजिन पेटवून ब्रेक लावता येतो हे त्यातून दिसले.

ब्रेक लागला तरी जमीन उरतेच. मंगळाचा पृष्ठभाग मुख्यतः बेसाल्टचा, म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाच्याच कुळातला आहे. बेसाल्टात उल्काघाताने झालेली विवरे पृथ्वीवर फार थोडी असल्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर मंगळाच्या अभ्यासकांना मोलाचे वाटते. लोणारच्या काठावर पावसाने आणि झाडोऱ्याने जे मुरवून टाकले आहे, ते मंगळावर कोरडे, मोकळे आणि उडायला तयार पडलेले आहे. ‘अपोलो १२’ चंद्रावर जिथे उतरले, तिथून दीडशे-पावणेदोनशे मीटरवर ‘सर्व्हेयर ३’ हे जुने यान उभे होते. अंतराळवीरांनी त्याचे काही भाग परत आणले तेव्हा उतरणाऱ्या इंजिनाच्या झोताने उडालेल्या धुळीने ते वाळूने घासल्यासारखे झालेले आढळले. वीस टनांचे यान आधी उतरवून ठेवलेल्या सामानाच्या शेजारी उतरले तर शिदोरीवरच दगडांचा मारा होईल. फार दूर उतरले तर तिथपर्यंत पोचता येणार नाही. शिवाय या मातीत परक्लोरेट हे क्षार आहेत, जे ‘फिनिक्स’ यानाला २००८ साली सापडले आणि जे माणसाच्या थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात, म्हणजे बाहेरून आलेल्या पोशाखावरची धूळ हाही आरोग्याचा प्रश्न होतो.

परतीचे पंचवीस टन

चौघांना मंगळावरून वर उचलायला ‘नासा’च्या अंदाजाने सात टन इंधन आणि ते जाळायला २५ टन ऑक्सिजन लागेल. हा ऑक्सिजन पृथ्वीवरून न्यायचा तर तो उतरवायला मोठे यान, त्या यानाला अधिक इंधन, त्या इंधनाला आणखी मोठे रॉकेट, अशी साखळी सुरू होते. अमेरिकी अभियंते रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर यांनी १९९०च्या सुमारास मांडलेली कल्पना ही साखळी तोडणारी होती: परतीचे यान एका मुहूर्तावर रिकाम्या टाक्यांनी पुढे पाठवावे, मंगळाच्या हवेतल्या ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडपासून त्याने तिथेच मिथेन आणि ऑक्सिजन तयार करावा, आणि टाक्या भरल्याची खात्री झाल्यावरच पुढच्या मुहूर्ताला माणसांनी निघावे. स्थानकावरून फेकला जाणारा मिथेन इथे परतीचे तिकीट होतो. बारामतीला जाऊन परतायचे पेट्रोल पुण्याहूनच डब्यात भरून न्यावे, असे कोणी करत नाही. मंगळाबाबत मात्र ही साधी गोष्ट पटायला वेळ लागला.

तिची पहिली प्रत्यक्ष चाचणी ‘पर्सिव्हिअरन्स’च्या पोटातल्या ‘मॉक्सी’ या सोनेरी पेटीने घेतली. पेटी हवा आत ओढते, दाबते, सुमारे ८०० अंश सेल्सियसला तापवते आणि विजेच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन सोडवते. एप्रिल २०२१ ते ऑगस्ट २०२३ या काळात ती सोळा वेळा चालली, तासाला जास्तीत जास्त १२ ग्रॅम शुद्ध ऑक्सिजन तिने दिला, आणि यंत्र म्हणून ती पूर्ण यशस्वी झाली. मात्र त्या सर्वोच्च वेगाने अखंड चालली तरी २५ टनांसाठी तिला सुमारे २३८ वर्षे लागतील.

म्हणजे शेकडो पट मोठा कारखाना हवा, तो माणसांवाचून वर्षभराहून अधिक काळ चालायला हवा, आणि त्याला पंचवीस-तीस किलोवॉट वीज हवी. मंगळावर ऊन पृथ्वीवरच्या निम्म्याहूनही कमी, आणि २०१८ साली ग्रहभर पसरलेल्या धुळीच्या वादळाने चौदा वर्षे चाललेली ‘ऑपॉर्च्युनिटी’ गाडी कायमची झोपवली, हे लक्षात घेता सौरपट्ट्यांवर परतीचा भरवसा ठेवणे धाडसाचे होईल. छोटी अणुभट्टी हाच अधिक विश्वासार्ह मार्ग दिसतो; नेव्हाडात मार्च २०१८ मध्ये अशा एका भट्टीची २८ तासांची पूर्ण क्षमतेची चाचणी यशस्वी झाली, पण तिची क्षमता किलोवॉटाच्या घरातली होती.

तीनशे दिवस झोपलेले इंजिन

दुरुस्तीचा प्रश्न कळायला भारताचे मंगळयान पुरे. ते वर नेणाऱ्या पीएसएलव्ही रॉकेटाच्या दुसऱ्या टप्प्याचे ‘विकास’ इंजिन, जे विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडते, दोन-अडीच मिनिटे धगधगून आपले काम संपवते. यानावरचे छोटे मुख्य इंजिन मात्र १ डिसेंबर २०१३ रोजी पृथ्वीचा निरोप घेताना पेटले आणि मग सुमारे तीनशे दिवस गप्प राहिले. ते पुन्हा पेटेल का, झडपा इंधनाच्या सहवासात चिकटल्या नसतील ना, हे कळावे म्हणून २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते अवघे चार सेकंद चालवून पाहिले गेले, आणि २४ सप्टेंबरला २४ मिनिटे. त्या वेळी संदेश पृथ्वीवर पोचायला साडेबारा मिनिटे लागत होती आणि काही काळ यान मंगळाआड गेले होते, त्यामुळे जे करायचे ते यानानेच करायचे होते. परतीच्या इंजिनाला याहून कितीतरी जास्त काळ, धुळीत आणि रात्रीच्या उणे अंशांत, वाट पाहावी लागेल.

अवकाश स्थानक टिकले ते खालून येणाऱ्या मालावर. ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ या आठ महिन्यांत तीन वेगवेगळ्या बनावटीची मालवाहू याने नष्ट झाली, तिन्ही योगायोगाने महिन्याच्या २८ तारखेला निघालेली, आणि तरीही स्थानक रिकामे करावे लागले नाही, कारण चौथे यान काही दिवसांत निघू शकत होते. आठ दिवसांसाठी गेलेल्या सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना २८६ दिवस राहावे लागले, तेव्हा त्यांना परत आणायला दुसरे यान होते आणि तोवर जेवायला अन्नही. मंगळावर संदेशच एका बाजूने तीन ते बावीस मिनिटांनी पोचतो, सूर्य मध्ये आला की सुमारे दोन आठवडे पोचतही नाही, आणि सुटा भाग पोचायला पुढचा मुहूर्त लागतो. ह्यूस्टनमध्ये त्रिमितीय छपाईने उभारलेल्या भिंतींच्या १,७०० चौरस फुटांच्या घरात चार माणसे २०२३च्या जूनपासून ३७८ दिवस राहिली, ती हाच उशीर आणि हीच टंचाई जगून पाहण्यासाठी. त्यांचे घर एका मोठ्या इमारतीच्या आत होते आणि गुरुत्व पृथ्वीचे होते, तेव्हा त्या प्रयोगाने मनाची परीक्षा झाली, यंत्रांची फारशी नाही.

मंगळावर माणूस अमुक साली उतरणार अशी बातमी पुढच्या काही वर्षांत वाचकांच्या वाचनात अनेकदा येईल. तेव्हा रॉकेटाची उंची आणि अंतराळवीरांची नावे यांच्याआधी परतीचा ऑक्सिजन करणारा कारखाना कोणत्या मुहूर्तावर निघाला, हे शोधावे. तो निघाला नसेल तर माणसे त्यापुढच्या मुहूर्ताआधी निघणार नाहीत, किंवा निघू नयेत. मंगळावर आजवर तयार झालेला एकूण ऑक्सिजन १२२ ग्रॅम आहे, एका माणसाच्या साडेतीन तासांच्या श्वासाइतका.